वाढणारी

रात्री पाणी प्यायला उठते तेव्हा स्वयंपाकघरातला दिवा मी लावत नाही. खिडकीच्या कठड्यावर, पुदिन्याच्या कुंडीशेजारी, एक हिरवा ठिपका लुकलुकत असतो. तेवढ्या उजेडात नळ सापडतो. ठिपका सलग पेटत नाही. दोनदा भराभर, मग जरा थांबून एकदा, मग बराच वेळ काहीच नाही. कुणीतरी कुठूनतरी काहीतरी मागतं आणि बसच्या पासाएवढ्या त्या पाटीला ते आपल्या कार्डावरून काढून द्यायचं असतं, तेव्हा तो हलतो. झिरोच्या बल्बपेक्षाही कमी वीज खाणारं यंत्र. मी पेला हातात धरून उभी राहते. मास नदीवरचा वारा काचेला लागत असतो. इथे रॉटरडॅममध्ये दोन वाजून गेलेत, म्हणजे साताऱ्याकडे उजाडू लागलंय. मागणारी कदाचित आईच असेल. गॅसवर चहा ठेवून आमचं पान उघडून बसली असेल.

हा आमचा सर्व्हर. आम्ही सहा जणी आहोत. दोघी इथल्याच, एक ग्रीक, एक केरळची, एक सुरीनामची आणि मी. सुरीनामच्या मैत्रिणीचं मूळ घराणं भोजपुरी मुलखातलं. १८७३ साली कलकत्त्याहून मजुरांना घेऊन ‘लल्ला रूख’ नावाचं पहिलं जहाज तिकडे गेलं, त्यानंतरच्या कुठल्याशा जहाजात तिची पूर्वज बाई होती. आम्ही मिळून छोट्या पुस्तिका लिहितो, छापतो आणि या यंत्रावर ठेवतो. यंत्र दर महिन्याला एकीच्या घरी मुक्कामाला असतं. या महिन्यात माझी पाळी आहे. ‘पाळी’ हा शब्द मीच त्यांना शिकवला. पाणी भरायची पाळी, गुरं राखायची पाळी आणि बाईला घरात बाजूला बसवणारी पाळी, सगळ्यांना एकच शब्द, हे सांगितल्यावर त्या जरा वेळ गप्प झाल्या. तेव्हापासून आमच्या वहीत, यंत्र कुणाकडे आहे हे लिहायच्या रकान्यावर, रोमन अक्षरांत ‘पाळी’ असंच लिहिलेलं असतं.

सर्व्हर हा शब्द आमच्या गावात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही, सातबारा निघत नाही, पेन्शन जमा झाली की नाही कळत नाही. सगळ्याचं उत्तर एकच, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ आत्या दोनदा हेलपाटा घालून परत आली होती. ओट्यावर टेकत तिनं मला विचारलं, “हा सर्व्हर कुठं असतो गं? कुणाच्या ताब्यात असतो?” मी तेव्हा कॉलेजात कॉम्प्युटरच शिकत होते. उत्तर दिलं, पण ते तिच्या प्रश्नाचं नव्हतं. मी तिला जाळं, विनंती, प्रतिसाद असलं काहीबाही सांगितलं. तिला माणूस हवा होता. ज्याच्याकडे जाऊन ‘माझं काय झालं?’ असं विचारता येईल असा.

त्या शब्दातच वाढणं आहे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. इंग्रजीत जेवण वाढणारा तो सर्व्हर. आणि आपल्याकडे वाढणारी म्हटलं की डोळ्यांसमोर आत्याच उभी राहते. लग्नाच्या पंगतीत एका हातात वरणाची बादली आणि दुसऱ्या हातात डाव, पदर खोचलेला, कपाळावर घामाचे थेंब, नजर पानांवरून फिरत असलेली. कुणाच्या पानात काय संपलं ते जेवणाऱ्याच्या आधी तिला कळायचं. ती स्वतः शेवटच्या पंगतीला बसायची, तेव्हा तिला वाढायला कुणी उरलेलं नसायचं. पातेल्यातलं खरवडून ती स्वतःच घ्यायची. मराठीत वाढणं म्हणजे मोठं होणंही. दोन्ही अर्थ एकाच क्रियापदात कसे येऊन बसले, भाषेचे जाणकार सांगू शकतील. मला मात्र तो शब्द उच्चारताना दर वेळी वाटतं, वाढता वाढता वाढायचं राहून गेलेल्या बायकांची एक लांबलचक रांग त्यात उभी आहे.

डिसेंबर २०१३ मध्ये ब्रसेल्सच्या कॉन्स्टंट या संस्थेनं एक मेळावा भरवला होता. कॉन्स्टंट ही १९९७ पासून कला आणि मुक्त सॉफ्टवेअर यांच्या सीमेवर काम करणारी संस्था. मेळाव्याचं नाव होतं ‘आर यू बीइंग सर्व्ह्ड?’, म्हणजे दुकानात शिरल्यावर गिऱ्हाइकाला विचारतात तो प्रश्न. तुम्हाला कुणी पाहतंय ना, वाढतंय ना? तिथे जमलेल्यांनी तोच प्रश्न उलटा धरला. वाढतंय कोण? कुणाच्या स्वयंपाकघरातून? त्यातून स्त्रीवादी सर्व्हरचा जाहीरनामा निघाला. तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला सर्वांत आधी भिडलं ते त्याचं सर्वनाम. सर्व्हरला त्यात ‘ती’ म्हटलंय. ती एका ठिकाणची आहे, तिच्याभोवतीच्या माणसांची आहे, तिची काळजी घेणारे आहेत म्हणून ती आहे. सोय आणि झटपटपणा यांना ती भुलत नाही. आणि कधी ती जागेवर नसलीच, तर त्याबद्दल माफी मागायची सवय ती प्रयत्नपूर्वक मोडते. आत्यानं आयुष्यात असं केलं असतं तर? एखाद्या दिवशी चूल न पेटवता नुसती पडवीत बसून राहिली असती, आणि कुणालाच कारण दिलं नसतं?

मराठीत सर्व्हर पुल्लिंगी. बंद पडला, चालू झाला, लटकला. आमच्या यंत्राबद्दल बोलताना मी जाणूनबुजून ‘ती’ म्हणते. पहिले काही दिवस जीभ अडखळली. आता आईसुद्धा फोनवर विचारते, “ती कशी आहे?”

असं काही करणाऱ्या आम्ही पहिल्या नव्हे, याचं मला फार बरं वाटतं. अॅमस्टरडॅममध्ये ‘जेंडरचेंजर्स’ नावाचा बायकांचा गट होता. जेंडर चेंजर हा खरं तर जोडणीचा एक लहानसा तुकडा; दोन सारख्या टोकांच्या केबली एकमेकींना जोडायच्या असल्या की तो मध्ये लागतो. आपले इलेक्ट्रिशियनही मेल पिन, फिमेल पिन म्हणतातच. या बायका इतर बायकांना बोलवायच्या, टेबलावर कॉम्प्युटर उघडा करायच्या आणि आतलं सगळं हातात द्यायच्या. हे सुटं करा, हे परत बसवा. २००२ साली क्रोएशियातल्या पुला या गावी त्यांनी ‘इक्लेक्टिक टेक कार्निव्हल’ भरवला आणि पुढे ती जत्रा गावोगाव फिरली. तिच्यातूनच ‘सिस्टरसर्व्हर’ उभा राहिला, बायकांनी बायकांसाठी चालवलेला. त्याचं यंत्र ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहरात असतं. कातालोनियातल्या कलाफू इथे २०१४ मध्ये जमलेल्यांनी आपल्या सर्व्हरला ‘अनार्का’ हे नाव दिलं. अनार्का ही अलाबामातली गुलाम स्त्री. १८४५ ते १८४९ या काळात जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरनं तिच्यावर, लूसीवर, बेट्सीवर आणि इतर गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रिया करून पाहिल्या. एकट्या अनार्कावर तीस. डॉक्टरचे पुतळे झाले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला पुतळा २०१८ साली हलवला, तोवर उभा होता. आणि अनार्काचं नाव या बायकांनी एका यंत्राला दिलं. रोज कुणाच्या ना कुणाच्या बोटांनी ते टाइप व्हावं म्हणून. पुतळ्यासमोरून माणसं नुसती पुढे निघून जातात. हे नाव मात्र लिहावंच लागतं.

आमची सुरुवात एवढी मोठी नव्हती. आठ महिने खपून लिहिलेली पहिली पुस्तिका आम्ही एका मोठ्या कंपनीच्या फुकटच्या खात्यात ठेवली होती. एका सकाळी ते खातं उघडेना. नियमभंग झाला, एवढंच पडद्यावर आलं. कोणता नियम, कोणी ठरवलं, दाद कुठे मागायची, काही नाही. आम्ही अर्ज भरले, त्यांची यंत्रांनी पाठवलेली उत्तरं आली. निम्मं लिखाण ग्रीक मैत्रिणीनं छापून घेतलं होतं म्हणून वाचलं. उरलेलं गेलं. त्यात केरळच्या मैत्रिणीनं आपल्या आईकडून विचारून विचारून लिहिलेली चार पानं होती, आणि आई मधल्या काळात वारली होती. त्या दिवशी मला आत्याचा प्रश्न आठवला. कुणाच्या ताब्यात असतो गं?

मग आम्ही शिकायला बसलो. रविवारी दुपारी, भिंतीवर एकच पडदा, एकच कीबोर्ड. एक जण टाइप करणार, बाकीच्यांनी मोठ्यानं वाचायचं, पुढची आज्ञा काय ते मिळून ठरवायचं, मग कीबोर्ड शेजारणीकडे. ज्यांना आधीपासून येत होतं त्यांना, म्हणजे मलाच, हे सर्वांत जड गेलं. एका मिनिटाचं काम वीस मिनिटं चाललेलं पाहत हात मांडीखाली दाबून बसायचं. पण एका रविवारी डच मैत्रीण, पासष्टीची, निवृत्त नर्स, आज्ञा टाइप करून एंटर दाबायच्या आधी थांबली आणि तिनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. दाबू? आम्ही माना हलवल्या. तेव्हा मला आजीचं जातं आठवलं. समोरासमोर दोघी, खुंट्यावर एकावर एक दोन हात, एकीनं ओढलं की दुसरीनं ढकलायचं. ओवी एकीनं उचलायची, दुसरीनं पुढे न्यायची. आणि पीठ जाड यायला लागलं की आजी म्हणायची, जातं बोथट झालं, टाकी लावायला हवी. दळणाऱ्या बाईला दगडाचा स्वभाव माहीत असायचा. तो तिच्या हाताखालचा दगड होता.

ओव्यांचा विषय निघाला की मी लांबते, पण इलाज नाही. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉटवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी १९९०च्या दशकात त्यांची कॉम्प्युटरवर पद्धतशीर नोंद होईल अशी व्यवस्था उभी केली. आता त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात ऐकायला मिळतात. मला त्यात थक्क करते ती एक साधी गोष्ट. ओवीच्या बाजूला गाणारीचं नाव आहे, तिचं गाव आहे. ओवी तर कुणा एकीची नसतेच. आईकडून लेकीकडे येते, वाटेत दोन शब्द बदलतात, दिराचं नाव जाऊन भावाचं येतं. तरी ज्या गळ्यातून ती त्या दिवशी आली, तो गळा नोंदवलेला आहे. एकत्र लिहिणं आणि नाव राखणं, दोन्ही एकदम करता येतं. आम्ही लिहितो त्या पॅडवर, म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी लिहिता येणाऱ्या ऑनलाइन पानावर, प्रत्येकीच्या मजकुराला वेगळा रंग येतो. माझा जांभळा आहे. लिहिता लिहिता एका वाक्यात तीन-चार रंग मिसळतात, क्रियापद एकीचं, विशेषण दुसरीचं. छापताना रंग जातात. ते पुसायचे की कुठेतरी शिल्लक ठेवायचे, यावर आमचं अजून ठरलेलं नाही. मला वाटतं, ठेवावेत. सुरीनामच्या मैत्रिणीला वाटतं, जाऊ द्यावेत. तिच्या घराण्यातल्या बाईचं नाव जहाजाच्या यादीत क्रमांकासकट लिहिलेलं सापडलं होतं, आणि ते ज्यानं लिहिलं त्यानं ते प्रेमानं लिहिलेलं नव्हतं. तिच्यापुढे माझा आग्रह मऊ पडतो.

पॅडवरून आठवलं. ब्रसेल्सच्या कॉन्स्टंटकडे असे शेकडो पॅड असतात आणि त्यांचा एक जाहीर संग्रह आपोआप तयार होत राहतो. आपलं लिखाण त्यात जाऊ नये असं वाटलं, तर मजकुरात कुठेही ‘नोपब्लिश’ हा खुणेचा शब्द लिहायचा. यंत्र तो पाहून ते पान वगळतं. रॉटरडॅमच्या व्हारिया या गटानं हीच व्यवस्था घेतली आणि उलटी केली. तिथे ‘पब्लिश’ असं लिहिलं तरच पान बाहेर जातं. काही लिहिलं नाही तर घरातच राहतं. वरवर पाहता एका शब्दाचा फरक. पण ‘मौन म्हणजे संमती’ हे वाक्य ऐकत वाढलेल्या माझ्यासारखीला तो फरक फार मोठा वाटतो. मुलगी बघायला आले, मुलगी मान खाली घालून बसली, बोलली नाही, म्हणजे पसंत आहे. आमच्या यंत्रावरही व्हारियासारखंच, न बोलणं म्हणजे नकार. बोललीस तरच हो. हे कुणीतरी सॉफ्टवेअरच्या चार ओळींत लिहून ठेवलंय, आणि त्या ओळी मी वाचल्या आहेत, हव्या तर बदलूही शकते.

व्हारियाचंच ऑक्टोमोड आम्ही वापरतो. एका पॅडवर मजकूर, दुसऱ्या पॅडवर त्याचा पेहराव, म्हणजे अक्षर केवढं, समास केवढा, हे सांगणाऱ्या ओळी; आणि दोन्हींतून छापायला तयार पान. सगळ्या जणी एकाच वेळी दोन्हीकडे लिहू शकतात. एक वाक्य दुरुस्त करतेय तोवर दुसरी समास रुंद करते आणि पान डोळ्यांसमोर हलतं. देवनागरीसाठी तर हे वरदान वाटलं. जुन्या छपाईच्या सॉफ्टवेअरांत माझी वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसायची, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसायची. इथे पान ब्राउझर रचतो आणि ब्राउझरला जोडाक्षरं कळतात. आणखी एक गंमत कळली. मजकूर मराठी आहे एवढं पानाला सांगितलं, की काही फॉन्टांत ल आणि श आपोआप बदलतात. हिंदी वळणाचे जाऊन शाळेत गिरवलेला पाकळीचा ल आणि देठाचा श येतो. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी खुर्चीतून उठले. पाटीवर बाईंनी हात धरून काढलेला ल, इतक्या लांब, एका परक्या शहरातल्या भिंतीवर. मला तो मैत्रिणींना बोट लावून दाखवावा लागला. त्यांना दोन ल वेगळे दिसेनात, पण माझा चेहरा दिसला.

आमच्या ताज्या पुस्तिकेत दही आहे. प्रत्येकीनं आपापल्या घरी दही कसं लावतात ते आपापल्या भाषेत लिहिलं. मी ‘विरजण’ या शब्दावर दोन पानं लिहिली. आपलं दही बिघडलं, आंबलं, तार आली, की वाटी घेऊन शेजारी जायचं. शेजारणीकडचं विरजण मागच्या महिन्यात आपल्याकडूनच गेलेलं असतं. म्हणजे आपलंच आपल्याला परत मिळतं, तिच्या घरची चव घेऊन. फेब्रुवारीत आमच्या यंत्राचं कार्ड मेलं. सतत लिहिलं-पुसलं की ही कार्डं दमतात. पानं गेली असं वाटून माझ्या पोटात खड्डा पडला, पण या वेळी दोघींच्या घरी प्रती होत्या. सायकलवरून केरळच्या मैत्रिणीकडे गेले. तिनं दार उघडलं आणि म्हणाली, “विरजण न्यायला आलीस?” हा शब्द तिनं मराठीत उच्चारला. जिची चार पानं कायमची गेली होती, ती आता आमच्यात प्रती काढायला सर्वांत तत्पर आहे.

आज महिना संपतो. यंत्र नदीपलीकडे निवृत्त नर्सबाईंकडे जायचं आहे. घर बदललं की तिचा इंटरनेटवरचा पत्ता बदलतो. घरगुती जोडणीचे पत्ते तसे पक्के नसतातच. म्हणून पक्का पत्ता असलेली एक मोठी यंत्रमैत्रीण लागते, जी आपल्या नावावर आलेलं टपाल आतल्या आत पुढे धाडते. वसतिगृहात असताना पाकिटावर ‘द्वारा’ लिहून खाली काकांचा पत्ता असायचा, तसं. सिस्टरसर्व्हरही मैत्रिणींसाठी हे करतो; लंडनच्या ‘सर्व्हपब’ या प्रकल्पातलं छोटं यंत्र ग्राट्सद्वाराच जगाला दिसतं. २०२२ साली ‘रोझा’ नावाचा सर्व्हरही असाच रॉटरडॅम, बुखारेस्ट, ग्राट्स, अथेन्स, ब्रसेल्स असा गटागटांकडे फिरला आणि जिथे गेला तिथली टिपणं त्याच्या पोटात साठत गेली. आमची ग्रीक मैत्रीण रोझाबद्दल बोलते ते लेक माहेरी येऊन गेल्यासारखं.

मी यंत्राला नीट बंद व्हायला सांगितलं. हिरवा ठिपका चार-पाचदा घाईनं हलला आणि थांबला. वायर गुंडाळली. जुन्या सुती ओढणीत यंत्र गुंडाळून पिशवीत ठेवलं, शेजारी दह्याची वाटी, झाकणाला रबर लावून. ट्राममध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. इरॅस्मस पुलाच्या फिकट निळ्या खांबामागे संध्याकाळ उतरत होती. या पुलाला इथले लोक हंस म्हणतात. फोन वाजला.

“तुमचं ते पान उघडत नाहीये गं,” आई म्हणाली. “दोनदा करून पाहिलं. ती आजारी आहे का?”

“नाही,” मी म्हटलं. “माझ्या मांडीवर आहे.”

आई क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, “असू दे. घाई नाही.” आणि फोन न ठेवता तशीच थांबली. मागून कुकरची शिट्टी ऐकू आली. ट्राम पुलाच्या मधोमध आली होती.